रोझाल्बा वरून खाली कशी आली

सॅन बर्नार्डिनोच्या पुढे, हमरस्त्याला लागून
एक मोटेल होतं, बंद पडलेलं.
मागे काजूच्या आकाराचा पोहण्याचा तलाव,
तळाशी गुडघाभर हिरवं पाणी, बेडूक,
आणि एक लोखंडी खुर्ची.
सत्त्याहत्तर साल. दोन वर्षं पाऊस नव्हता,
बागेला पाणी घातलं तर शेजारी चुगली करायचे.
दोन दिवस मी बादल्या उपसल्या.
मी धाकटा; उपसणं माझ्याकडे,
बोर्ड तिच्याकडे.

बोर्ड म्हणजे तरी काय,
काकाच्या कपाटाची फळी.
चाकं मात्र नवी, लालसर, मेणासारखी.
त्याआधीची चाकं भाजल्या मातीची,
वाटाण्याएवढा खडाही त्यांना पुरायचा:
फळी मागे, माणूस पुढे.
किनाऱ्यावरच्या पोरांनी म्हणे
समुद्र झोपलेला असताना डांबरावर लाटा शोधल्या.
आमच्याकडे समुद्र नव्हताच.
भिंत होती, खाली गोल, वर उभी,
आणि सगळ्यात वर दगडी काठ.

वर जाणं कुणालाही जमतं.
वेग असला की भिंतच उचलून घेते.
प्रश्न खाली येण्याचा.

त्या दिवशी तिचं मागचं चाक काठावर अडकलं.
धड वर ना खाली.
तिनं एक हात दगडावर टेकवला,
तोंड आकाशाकडे,
आणि पायाखालची फळी
भाकरी परतावी तशी परतली.
पाठमोरी उतरली खाली.
पडली नाही.
मग मुद्दाम करायला गेली तर नऊ वेळा पडली.
दहाव्यांदा जमलं.
आईच्या जुन्या गालिच्याचे तुकडे
गुडघ्यांना बांधलेले, ते सुटून लोंबत होते.

नाव नव्हतं त्याला.
आम्ही नुसतं 'ते' म्हणायचो.
"ते कर ना."
"आज ते नाही, कोपर दुखतंय."

पुढच्या उन्हाळ्यात किनाऱ्याकडून एक मुलगा आला,
हॉलिस ब्रँडव्होल्ड. सोबत कॅमेरावाला मित्र.
तीन दिवस काठावर पाय सोडून बघत बसला.
चौथ्या दिवशी त्यानं केलं.
चांगलं केलं, खोटं कशाला बोलू.
डिसेंबरच्या मासिकात पानभर फोटो,
हात दगडावर, केस हवेत,
खाली ठळक अक्षरांत: 'हॉलिस'.
झालं बारसं.
ज्याच्या हाती ससा तो पारधी.

मग त्या हॉलिसचा वंश वाढला.
कुणी हात न टेकवता केलं.
कुणी डाव्याचं उजवं करून.
कुणी तलावच सोडला, रात्री वॉचमनला चुकवून
बँकेच्या पायऱ्यांच्या कठड्यावर केलं
आणि पुढचे दोन दात तिथेच ठेवून आला.

आता तिचं टायरचं दुकान आहे, फोंटानात.
जिना चढताना गुडघा बोलतो.
काल जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर दाखवलं:
फिनलंडमधल्या टांपेरेची वेन्ला, तेरा वर्षांची,
दोन गिरक्या, मध्ये फळी पायांपासून सुटलेली,
आणि मग पाठमोरी, अलगद.
रोझाल्बानं तीनदा पाहिलं.
तिच्या बोटाचं वंगण पडद्यावर उमटलं.
"हात कुठे टेकवला हिनं?"
"टेकवलाच नाही."
"मग धरलं कशाला?"
मला सांगता आलं नाही.

मग म्हणाली,
"तू होतास ना. पहिल्यांदा झालं ते तू पाहिलंस."

मी तेव्हा वाकलो होतो,
खुर्चीच्या पायात अडकलेला बेडूक सोडवत.
पाहिलं नाही मी. ऐकलं:
लोखंड दगडाला घासल्याची लांब खर्र,
मग काहीच नाही,
इतका वेळ काहीच नाही
की मान वर करायची भीती वाटली,
आणि मग चाकं.

"हो," म्हणालो, "पाहिलं की."
तिनं हात पुसले.
बाहेर कुणीतरी पंक्चर घेऊन आलं होतं.